एका बोटीच्या दोन नोकऱ्या

कारंजा लाडच्या स्टेशनात थांबणारी शकुंतला आणि रत्नागिरी-मालवणच्या बंदरात नांगर टाकणारी आगबोट, या दोघींचा काय संबंध असं कुणी विचारलं तर आपण हसू. पण संबंध आहे. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीच्या कारभारातली. आणि कोकण किनाऱ्यावर आगबोटी सोडणाऱ्या ‘बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’चा कारभारही एके काळी याच पेढीकडे होता. वऱ्हाडातला कापूस आणि कोकणातला चाकरमानी, दोघांच्याही भाड्याचा हिशेब मुंबईत एकाच घरच्या वह्यांत लिहिला जायचा. आज शकुंतला बंद आहे आणि कोकणची आगबोटही बंद आहे. दोघींची आठवण काढणारे पुष्कळ आहेत. त्या का बंद पडल्या हे नीट सांगणारे मात्र कमी.

वाशीमपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढे आहे. मुंबईहून समुद्रमार्गे गोवाही साधारण तितकाच लांब. तेव्हा बोटीवर लिहायचा अधिकार माझ्यासारख्या वाशीमकराला कुठून, अशी शंका येईल. तिला जुनं उत्तर आहे. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. त्याच काळातल्या २ क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज रंगवलेलं आहे. तीन डोलकाठ्या, फुगलेली शिडं, मागच्या बाजूला सुकाणूची वल्ही आणि ओळीने मांडलेले रांजण. ज्याने ते काढलं त्याने जहाज जवळून पाहिलेलं असणार, किंवा पाहिलेल्या माणसाला बसवून खोदून खोदून विचारलेलं असणार. रांजण आठवणीने काढणारा चित्रकार नुसत्या ऐकीव गोष्टीवर काम करत नाही. समुद्र प्यायचा नसतो आणि बोटीवर पाण्याची सोय आधी करावी लागते, हे दख्खनच्या डोंगरातल्या त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

आता ज्या बोटीची ही गोष्ट आहे तिच्याकडे वळू. मुंबई-गोवा फेऱ्यांमुळे २०१८ साली घराघरात पोचलेली ‘आंग्रिया’ नवी कोरी नव्हती. ती जपानमध्ये शिमोनोसेकी इथल्या मित्सुबिशीच्या गोदीत बांधली गेली, १९९७ साली नोकरीला लागली आणि एकोणीस वर्षं ‘ओगासावारा मारू’ या नावाने धावली. लांबी १३१ मीटर, रुंदी सतरा मीटरच्या थोडी वर, वेग साडेबावीस नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे ही बोट तासाला एकेचाळीस-बेचाळीस किलोमीटर कापायची. आपल्याकडे एसटी याहून जोरात जाते, पण एसटीला लाट फोडत जावं लागत नाही.

ओगासावारा ही टोकियोच्या दक्षिणेला सुमारे १००० किलोमीटरवर प्रशांत महासागरात विखुरलेली बेटं. दुसऱ्या महायुद्धानंतर ती अमेरिकेच्या ताब्यात होती, १९६८ मध्ये जपानला परत मिळाली. वस्ती अडीच हजारांच्या आसपास आणि तीही मुख्यतः दोन बेटांवर. गंमत अशी की कागदोपत्री ही बेटं टोकियो महानगरात मोडतात. बेटावरच्या मोटारीला टोकियोचीच नंबरप्लेट, पण टोकियोला जायला पूर्ण एक दिवस आणि एक रात्र. कारण तिथे विमानतळ नाही. डोंगराळ, चिमुकली बेटं, आणि जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या वनस्पती, गोगलगायी आणि पक्षी. २०११ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हापासून धावपट्टीचा विषय आणखीच अवघड झाला. कुणी गंभीर आजारी पडलं तर नौदलाचं पाण्यावर उतरणारं विमान बोलवावं लागतं. बाकी सगळं, माणसं, टपाल, भाजी, दूध, औषधं, बोटीने.

अशा ठिकाणी बोटीचं वेळापत्रक म्हणजे गावाचं पंचांग होतं. साधारण सहा दिवसांनी एक फेरी. बोट लागली की दुकानं भरतात, ती निघून गेली की फळ्या हळूहळू रिकाम्या होतात. पाहुणा किती दिवस राहणार हे पाहुणा ठरवत नाही, बोट ठरवते. बोट परत निघते तेव्हा गावातले लोक छोट्या छोट्या नावा घेऊन तिच्या दोन्ही अंगांनी बराच वेळ पाठलाग करत येतात, हात हलवतात, आणि शेवटी त्यातले काही जण नावेच्या टपावरून समुद्रात उड्या मारतात. हा निरोपाचा रिवाज आता पर्यटकांच्या कॅमेऱ्यांमुळे जगभर माहीत झाला आहे. पण त्याच्या मुळाशी साधी गोष्ट आहे. गेलेला माणूस मनात आलं म्हणून उद्या परत येऊ शकत नाही.

त्या नावाची पहिली बोट १९७९ ची. तिला २८ तास लागायचे. १९९७ च्या दुसरीने ते साडेपंचवीसवर आणले. तिच्यावर हजाराच्या आसपास उतारू मावत. सगळ्यांना खोल्या नव्हत्या. खालच्या वर्गात सतरंजीसारखा गालिचा अंथरलेली मोठी दालनं, प्रत्येकाला एक अंथरूण, एक पांघरूण आणि नंबर घातलेली जागा. आपल्या लग्नघरात रात्री पाहुणे ओळीने लवंडतात तसे हजारो टोकियोकर या बोटीत वर्षानुवर्षं झोपत आले. दर्या खवळला की सगळी ओळ एकदम डावीकडे, मग एकदम उजवीकडे.

या बोटीच्या चरित्रात एक प्रकरण असं आहे की ते वाचून कुठल्याही सरकारी योजनेच्या आखणीकाराने क्षणभर थांबावं. साडेपंचवीस तास फार होतात, म्हणून जपानने तिच्या जागी एक अफाट वेगाची बोट आणायचं ठरवलं. ‘टेक्नो सुपर लायनर’ हे त्या तंत्राचं नाव. ॲल्युमिनियमचा सांगाडा, विमानासारखी गॅस टर्बाइन, पाण्याचा झोत मागे फेकून पुढे जायचं आणि तळाखाली दाबलेल्या हवेची उशी. अंदाजे सोळा-सतरा तासांत बेट गाठायचं. बोट बांधून झाली, २००५ उजाडलं आणि तेलाचे भाव चढले. मग कुणीतरी हिशेब मांडला असणार, आणि तो मांडायला फार मोठं गणित लागत नाही. पाण्यातून जाणाऱ्या बोटीला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर इंजिनाचा जोर आठपट. प्रवास निम्म्या वेळात संपतो हे धरलं तरी एका फेरीचं तेल चौपट. भाडं चौपट करता येत नाही, कारण बेटावरचा शिक्षक आणि भाजीवाला तेवढे पैसे देऊ शकत नाही. ती बोट त्या मार्गावर एकही फेरी न मारता गोदीत पडून राहिली. २०११ च्या त्सुनामीनंतर इशिनोमाकी बंदरात आपद्ग्रस्तांना निवारा, जेवण आणि आंघोळीची सोय म्हणून तिचा थोडे दिवस उपयोग झाला. एवढंच तिचं काम. नंतर ती मोडीत निघाली.

आणि जिला निवृत्त करायचं होतं ती जुनी ‘ओगासावारा मारू’ आणखी अकरा वर्षं मुकाट्याने धावत राहिली. जुलै २०१६ मध्ये त्याच नावाची तिसरी, ११००० टनांची बोट आली तेव्हा हिची सुट्टी झाली. तिसरीने वेळ किती वाचवला? दीड तास. आता २४ तास लागतात. एकदा हात पोळल्यावर जपान्यांनी वेगाचा नाद सोडला आणि आरामशीर अंथरुणं वाढवली.

इथे टनाविषयी एक खुलासा, कारण वर्तमानपत्रांत नेहमी घोटाळा होतो. उतारू बोट ‘सात हजार टनांची’ असं छापतात ते तिचं वजन नव्हे. तो ‘ग्रॉस टनेज’ असतो, म्हणजे बोटीच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप. बंदरात किती शुल्क भरायचं, किती खलाशी ठेवायचे, कुठले नियम लागू होतील, हे या मापावर ठरतं.

वीस वर्षांची जपानी फेरीबोट ही जगाच्या जुन्या बाजारात मागणी असलेली वस्तू आहे. जपानी मालक देखभाल नीट ठेवतात आणि वेळेवर विकतात. फिलिपिन्स, इंडोनेशिया, ग्रीस इथे अशा कितीतरी बोटी दुसऱ्या नावाने दुसरं आयुष्य काढतात. सगळ्यांचं ते सुखाचं जात नाही. ओनोमिचीला १९६३ मध्ये बांधलेली ‘हिमेयुरी मारू’ फिलिपिन्समध्ये ‘दोन्या पाझ’ झाली. मूळची सहाशेच्या आसपास उतारूंची ती बोट २० डिसेंबर १९८७ च्या रात्री नाताळच्या गर्दीने खच्चून भरलेली असताना एका तेलवाहू जहाजावर आदळली. मृतांचा आकडा चार हजारांच्या वर गेला. शांततेच्या काळात समुद्रावर झालेला हा सर्वांत मोठा अपघात. बोट वाईट नव्हती. तिच्यात भरलेली माणसं तिच्या मापाची नव्हती.

‘ओगासावारा मारू’च्या नशिबी उलटं आलं. ती भारतात आली ती माणसं कमी करून. हजारांच्या जागी चारशेच्या आसपास उतारू, १०४ खोल्या, वरच्या डेकवर पोहण्याचा छोटा तलाव, उपाहारगृहं आणि बार. नाव ‘आंग्रिया’. सरखेल कान्होजी आंग्रे यांची आठवण त्यात आहेच, शिवाय विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्राखाली जी ‘आंग्रिया बँक’ नावाची प्रवाळांची पठारवजा रांग आहे, तिचंही हेच नाव. २० ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईत भाऊच्या धक्क्यावर तेव्हाचे केंद्रीय नौवहन मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते सेवेचं उद्‌घाटन झालं. त्या दिवशी बोटीच्या नाळेवर, कठड्यापलीकडे बसून घेतलेल्या एका सेल्फीचीच चर्चा पुढे आठवडाभर चालली. बोट जपानहून आली, एकोणीस वर्षं बेटवासीयांची जीवनदोरी होती, हे कुणी फारसं लिहिलं नाही.

मुंबईहून संध्याकाळच्या सुमारास सुटायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगाव. चौदा-पंधरा तास. आता वरचा हिशेब पुन्हा लावून पाहा. साडेबावीस नॉटची क्षमता असलेली बोट हे अंतर दहा-अकरा तासांत सहज काढेल. पण तिने तसं करून काय मिळणार? गोव्याला पहाटे तीन वाजता उतरून उतारूंनी जायचं कुठे? हळू चालवली की तेल वाचतं, रात्रीचं जेवण होतं, गाणीबजावणी होते, झोप होते आणि सकाळी नाश्ताही बोटीवरच. टोकियोच्या मार्गावर जो वेळ खर्चाच्या बाजूला लिहिला जायचा, तोच मुंबईच्या मार्गावर विकायचा माल झाला. बोट तीच, तासही तेच, घेणारा बदलला.

या जातीच्या बोटीला ‘क्रूझ फेरी’ म्हणतात. फेरी पलीकडच्या काठाला पोचवते, क्रूझ फिरवून आणते, आणि ही दोन्ही कामं एकाच भाड्यात करते. तिचं खरं माहेर बाल्टिक समुद्र. हेलसिंकी ते स्टॉकहोम रात्रभराचा प्रवास. वायकिंग लाइन आणि सिल्या लाइन यांच्या बहुमजली बोटी, पोटात मोटारी आणि ट्रक, वर दुकानांची गल्लीच्या गल्ली. तिथलं गणित तर फारच मासलेवाईक. या बोटी तिकिटावर जगत नाहीत, करमुक्त दारू, अत्तर आणि तंबाखूवर जगतात. १९९९ मध्ये युरोपीय संघाने आपल्या देशांमधल्या प्रवासातली करमुक्त विक्री बंद केली. मग आता या बोटी बुडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण वाटेत ओलांद नावाची फिनलंडची स्वायत्त बेटं आहेत आणि ती युरोपीय कररचनेच्या बाहेर राहिली. म्हणून आजही या महाकाय बोटी मध्यरात्री, पहाटे ओलांदच्या धक्क्याला थोड्या वेळापुरत्या लागतात. फारसं कुणी उतरत नाही, फारसं कुणी चढत नाही. धक्क्याला दोर लागला की कायदा तृप्त होतो आणि दुकान उघडं राहतं.

आपल्या ‘आंग्रिया’ला असा ओलांद नव्हता. मुंबई ते गोवा हा देशांतर्गत प्रवास, करमुक्तीचा प्रश्नच नाही. मोटारी ट्रक नाहीत, म्हणजे मालाचं भाडंही नाही. पावसाळ्याचे चार महिने कोकणचा समुद्र असा असतो की हौशी उतारू तिकडे फिरकत नाही. उरलेल्या आठ महिन्यांत बारा महिन्यांचा खर्च काढायचा. आणि समोर स्पर्धेला विमान, रेल्वे, आरामगाड्या. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि तिच्या मुंबई-गोवा फेऱ्या पुन्हा पूर्ववत झाल्या नाहीत. त्याच सुमारास एप्रिल २०१९ मध्ये मुंबईतून सुरू झालेली ‘कर्णिका’ ही त्याहून कितीतरी मोठी क्रूझ बोट वर्षभरातच बसली आणि २०२० च्या अखेरीस मोडण्यासाठी अलंगच्या किनाऱ्याला लागली. कोविडने या दोघींना थांबवलं हे खरं. पण निव्वळ साथीवर खापर फोडून भागणार नाही.

त्यासाठी कोकणच्या आगबोटीचा इतिहास पाहिला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून दक्षिणेकडे नियमित आगबोटी सुटू लागल्या. शेफर्ड कंपनी, मग तिच्यातून वाढलेली बॉम्बे स्टीम, पुढे वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीने तिचा घेतलेला ताबा, स्वातंत्र्यानंतर चौगुले आणि मग मोगल लाइन. ‘चंद्रावती’, ‘प्रभावती’, ‘रोहिणी’, शेवटी ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’, ही नावं जुन्या कोकणी माणसाला नातेवाइकांच्या नावांसारखी पाठ असत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाझी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी, अशी ती दर बंदराला शिवत जायची. ‘धक्क्याला लागणं’ हा शब्द बहुतेक ठिकाणी फसवा होता, कारण धक्का नसायचाच. बोट खोल पाण्यात नांगर टाकून भोंगा द्यायची. किनाऱ्यावरून पडाव, होड्या हेलकावत यायच्या. मग बोटीची शिडी खाली सोडायची, होडी लाटेबरोबर वर आली की खलाशाने उतारूचा दंड धरायचा आणि बरोबर त्या क्षणी माणसाने पाऊल टाकायचं. एक क्षण उशीर झाला की होडी पुरुषभर खाली गेलेली. म्हाताऱ्या बायका, तान्ही पोरं, आंब्याच्या करंड्या, ट्रंका, वळकट्या, कोंबड्या, सगळं याच वाटेने चढायचं उतरायचं. शेवटी होडीही वाळूत रुतली की गुडघाभर पाण्यातून चालत घर. आणि या साऱ्याच्या आधी रात्रभर डेकवर बोट लागलेली असायची ती वेगळीच.

हा प्रवास रम्य होता असं आज लिहिलं जातं. तो रम्य असेलही, पण तो लोकांनी पत्करला तो दुसरा इलाज नव्हता म्हणून. घाटातले रस्ते, नद्यांवर पूल नाहीत, खाड्या आडव्या. मुंबईच्या गिरणीतून शिमग्याला गावी जायचं तर बोटच. म्हणजे तेव्हाचं कोकण हे एका अर्थाने ओगासावारा होतं. रस्ता झाला, खाड्यांवर पूल आले, एसटी दारापर्यंत जाऊ लागली तसतशी एकेक बंदरातली उतारूंची गर्दी ओसरली. ऐंशीचं दशक सरेपर्यंत ही उतारू सेवा संपली. नव्वदीत दमानियांची वेगवान कॅटमरान मुंबई-गोवा मार्गावर आली, सात-आठ तासांत पोचवायची, चकचकीत होती. पण २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू झाला आणि त्यानंतर वेगाच्या जोरावर बोट चालवणं हा आतबट्ट्याचा धंदा ठरणार होता. तेलाचा घन नियम सगळ्यांना सारखाच लागतो.

या इतिहासाची काळी पानं वगळून चालत नाही. ८ नोव्हेंबर १८८८ ला कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’ वादळात सापडली आणि सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. दुसरी ‘रामदास’. बॉम्बे स्टीमच्या मक्तेदारीला उत्तर म्हणून उभ्या राहिलेल्या स्वदेशी सहकारी कंपनीची ही बोट. कंपनीने बोटींना संतांची नावं ठेवली होती. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्येचा, म्हणजे गटारीचा दिवस. स्वातंत्र्याला महिना उरलेला. सकाळी आठ वाजता भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ अर्ध्या-पाऊण तासात काश्याच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबई इतक्या जवळ असूनही बातमी धक्क्यावर यायला दुपार झाली.

बोट कलंडते कशी, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण आपण वऱ्हाडातले लोक बोटीत बसलो की सगळे एकाच बाजूला फोटो काढायला धावतो. बोट एका अंगाला झुकली की त्या बाजूचा तिचा अधिक भाग पाण्यात जातो आणि पाणी त्याला वर ढकलतं. हा रेटा बोटीला परत सरळ करतो. पण वजन जितकं वरच्या मजल्यावर, तितका हा परतवण्याचा जोर कमी. पाऊस चुकवायला वरच्या डेकवरचे उतारू एका बाजूला दाटले, त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने मोठी लाट आली, तर बोट जिथून परत येते ती मर्यादा ओलांडते. पाण्याच्या बाबतीत तर हे फारच वेगाने घडतं. आत शिरलेलं पाणी झुकलेल्या बाजूलाच धावतं आणि झुकाव आणखी वाढवतं. २८ सप्टेंबर १९९४ ला बाल्टिकमध्ये ‘एस्टोनिया’ ही क्रूझ फेरी अशीच गेली. मोटारी आत घेण्यासाठी उघडणारा तिच्या नाळेचा भाग लाटांनी निखळला, मोटारींच्या सलग मोकळ्या डेकवर पाणी पसरलं आणि तासाभरात ८५२ माणसं बुडाली. म्हणून जुनी बोट घेऊन तिच्या वरच्या मजल्यावर तलाव, नव्या खोल्या बांधणं ही सजावट नसते. प्रत्येक टनागणिक तिची स्थिरता पुन्हा मोजावी लागते. उतारूंची संख्या घटवावी लागते तीही अनेकदा यासाठी.

तर ‘आंग्रिया’ का टिकली नाही? माझं मत असं. कोकणच्या आगबोटीकडे दहा बंदरं होती आणि लोकांना तिची गरज होती. ‘ओगासावारा मारू’कडे एकच बेट होतं, पण त्या बेटाला दुसरा मार्ग नव्हता. बाल्टिकच्या बोटींकडे ट्रक आहेत आणि दुकान आहे. ‘आंग्रिया’कडे यातलं काहीच नव्हतं, होती ती हौस, आणि हौस एकदाच तिकीट काढते. घोषणांच्या काळात मधल्या बंदरांची नावं छापून येत होती, पण प्रत्यक्षात ती धावली मुंबई ते गोवा, थेट. रत्नागिरीच्या, मालवणच्या माणसाच्या दृष्टीने ती लांबून दिवे लावून जाणारी बोट होती. एवढ्या मोठ्या बोटीला लागणारी पाण्याची खोली आणि तिच्या उंचीचा धक्का गाळाने भरलेल्या त्या बंदरांत नाहीच. ती सोय आधी करायची आणि मग बोट आणायची, हा क्रम आपल्याकडे उलटा होतो.

आणि क्रम सरळ ठेवला तर काय होतं, याचंही उदाहरण मुंबईतच आहे. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा १५ मार्च २०२० ला सुरू झाली. आठवडाभरातच सगळं जग बंद झालं, म्हणजे मुहूर्त याहून वाईट असू शकत नव्हता. तरी ती टिकली. तिच्या बोटीचं नाव ‘प्रोटोपोरोस’, जन्म ग्रीसचा. तिच्यात मोटार चढवायची, तासाभरात पलीकडे उतरवायची आणि अलिबागच्या रस्त्याला लागायचं. रस्त्याने हाच प्रवास तेव्हा खाडीला वळसा घालून शंभर किलोमीटरच्या घरात जायचा. पलीकडे मांडव्याला धक्का आणि लाटा अडवणारा बांध आधी बांधलेला होता. गेटवेहून सुटणाऱ्या छोट्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात तेव्हाही ही मोठी बोट, समुद्र फारच खवळलेला नसेल तर, धावते. तलाव नाही, गाणीबजावणी नाही. गरज आहे, म्हणून गर्दी आहे.

शकुंतलाचंही याहून वेगळं काय झालं? १९९४ पर्यंत वाफेवर आणि नंतर डिझेलवर ११३ किलोमीटरची ती वाट रमतगमत कापणाऱ्या गाडीला कारंजा-यवतमाळच्या एसटीने मागे टाकलं. तिला पुन्हा सुरू करा म्हणणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. एकाला ब्रॉडगेज हवी, दुसऱ्याला पर्यटकांसाठी छोटी गाडी. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून गेल्यावर मुंबईची वाट मोटारीने सोपी झाली आहे, त्यामुळे मूर्तिजापूर-यवतमाळ रेल्वेची मागणी करताना ती कुणासाठी आणि कशासाठी, हे आधी कागदावर मांडावं लागेल: किती गावं, किती शेतमाल, किती विद्यार्थी. निव्वळ आठवणींच्या जोरावर गाडी सुरू झाली तर तीही चार हंगाम चालेल.

वाशीम-कारंजाच्या वाचकांनी समुद्र पाहायला मुंबईला गेल्यावर गेटवेच्या लाँचीतून अर्धा तास फिरून परत न येता भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो जरूर घ्यावी. चढल्या चढल्या जीवरक्षक जाकिटं कुठे ठेवली आहेत ते बघून ठेवावं, आणि फोटोसाठी सगळ्यांनी एका कठड्याला गर्दी करू नये. आणि कोकणासाठी पुढची बोट जाहीर होईल तेव्हा तिच्यावर तलाव किती मोठा आहे हे विचारण्यापेक्षा ती मधल्या कोणकोणत्या बंदरांना लागणार, तिथे धक्का तयार आहे का आणि जून ते सप्टेंबर ती काय करणार, हे तीन प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारावेत.